नोटांची चोरी

ती घटना आठवली की मी आजही वैतागतो. आधी सगळ्यांवर, आणि शेवटी स्वतःवर.

वडील इंजिनिअर म्हणून पुण्याहून जर्मनीत आले तेव्हा मी लहान होतो. इथेच शिकलो, इथेच पोलिसात भरती झालो, आणि पाठीच्या दुखण्यामुळे मुदतीआधीच निवृत्त झालो. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत मी बोब्लिंगेन शहरात नेमणुकीवर होतो. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळे कोणत्याही भारतीय माणसाचं प्रकरण आलं, मग तो पंजाबी का असेना, की कागद माझ्या टेबलावर.

फिर्याद ऐंशीच्या घरातल्या एका बाईंची होती. पहिल्या महायुद्धातल्या लोकप्रिय गाण्यांच्या छापील संगीताच्या पुस्तिका चोरीला गेल्या होत्या. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर रंगीत चित्र: स्टेशनवर निरोप घेणारा सैनिक, खिडकीत वाट पाहणारी बायको. ती चित्रं बाईंच्या आईने छापखान्यासाठी काढलेली. आईचं दुसरं काहीच त्यांच्याकडे उरलं नव्हतं. तळघर आवरताना त्यांनी खोकं इमारतीच्या दारात ठेवलं, पालिकेने उचलून न्यायच्या मोडक्या सामानाला अगदी लागून. फोन वाजला म्हणून आत गेल्या. परत आल्या तेव्हा खोकं वरच्या मजल्यावरच्या भारतीय कुटुंबातले आजोबा घेऊन गेले होते. शेजाऱ्याने पाहिलं होतं.

बाईंनी आजोबांना जिन्यातच गाठलं आणि "नोटेन! डीब!" असा आरडाओरडा केला. डीब म्हणजे चोर, हे आजोबांना जावयाने सांगितलं. नोटेन त्यांना आपलं आपण कळलं.

जर्मनमध्ये छापील संगीताला, म्हणजे कागदावर उतरवलेल्या सुरांना, नोटेन म्हणतात. आमच्या घरात तर आई बहिणीच्या पियानोच्या पुस्तकांना सरळ 'नोटा' म्हणायची. माझ्याकडेही मराठीत तोच एक शब्द होता.

मी वरच्या मजल्यावर गेलो तेव्हा आजोबा स्वयंपाकघरात ताठ बसले होते. खेड्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, लेकीकडे राहायला आलेले.

"आजोबा, खालच्या बाईंच्या नोटा तुम्ही घेतल्यात का?"

"उभी हयात मास्तरकी केली. कुणाच्या पैशाला शिवलो नाही."

"पैसे कोण म्हणतंय? मी नोटांबद्दल विचारतोय."

"मग नोटा म्हणजे काय, चिंचोके?"

जावई मध्ये पडला. ऑफिसात इंग्रजीवर भागवणारा तरुण इंजिनिअर, घामाघूम झालेला. "अण्णा, अहो, जरा शांत व्हा. साहेब, म्हणजे, रेकॉर्डवर हे कसं येईल? माझ्या व्हिसाचं काय?"

"तुमच्या व्हिसाचं मला काय विचारता, जावईबापू? इथे माझी अब्रू चाललीय."

आजोबांनी आपली बॅग आणून माझ्यासमोर पालथी केली. धोतरं, बंड्या, औषधांच्या पट्ट्या. "घ्या, बघा." साक्षीदार असताना माणूस साफ नाकारतो, वर आवाज चढवतो, याचा अर्थ मला पाठ होता. 'आरोप नाकारतात' असं लिहिलं आणि चिडून उठलो.

दाराशेजारच्या फळीवर नातीच्या वह्या होत्या. सगळ्यांना जाड, पिवळट कागदाची कव्हरं. कोपरे सुरेख दुमडलेले, कोरी बाजू बाहेर. माझे वडीलही जुन्या कॅलेंडरची कव्हरं अशीच घालायचे, चित्र आत. मी एक वही उचलली. कव्हराच्या घडीतून सैनिकाचा बूट डोकावत होता.

"हे कुठून आणलंत?"

"ही रद्दी होय? खाली कचऱ्याच्या ढिगात होती. चांगला जाड कागद, आणि पाठकोरा. आतली पानं दोन्हीकडून छापलेली, ती दिली कागदाच्या डब्यात टाकून."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कागद कुठे म्हणालात? नोटा म्हणालात."

मी पुन्हा खाली बसलो. कव्हरं आजोबांनीच उतरवली, एकही न फाडता. जिन्यात मला चोर म्हटलं, आता जिन्यातच द्यायची, असा त्यांचा हट्ट. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. बाईंनी वरचं चित्र छातीशी धरलं. आतली गाणी गेली म्हटल्यावर हात झटकला, गाणी कुठेही मिळतील म्हणाल्या.

"त्यांना सांगा," आजोबा म्हणाले, "डिंक लावलेला नाही. वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवा, घड्या जातील."

मी सांगितलं. बाईंनी सगळ्यांदेखत त्यांची माफी मागितली. तीही मी मराठीत सांगितली.

"त्यांचं ठीक आहे," ते म्हणाले. "त्यांना मराठी येत नाही. तुम्हाला येतं ना?"

ते ठरल्यापेक्षा लवकर भारतात परतले. जावयाने फोनवर एवढंच कळवलं आणि व्हिसाचं पुन्हा विचारलं.

चौकशी म्हणजे उत्तर काढून घेणं, असं मी तोवर समजत होतो. आपला प्रश्न समोरच्यापर्यंत कोणत्या अर्थाने पोचला, हे पाहायचं मला सुचलंच नव्हतं. त्या दिवशी ते सुचायला हवं होतं. पुढे नोकरीत असेपर्यंत मी कोणालाही आधी एकच विचारत आलो: "मी कशाबद्दल विचारतोय असं तुम्हाला वाटतं?" त्यात वेळ जायचा. सहकारी घड्याळाकडे बघत वैतागायचे. मी त्यांना वैतागू दिलं.