भाटघरच्या पाण्यावरची सारजा

सारजाबाईला पोहायला कुणी शिकवलं असं विचारलं, तर ती म्हणायची, "म्हशीनं." आणि ते खोटं नव्हतं. तिचं माहेर मार्गासनीचं. तिथल्या डोहात दुपारी म्हशी बसायच्या, म्हशींमागं पोरं, आणि पोरांत ही एकटी पोरगी. शेपूट धरून तरंगता तरंगता एक दिवस शेपूट सुटलं आणि ही काही बुडाली नाही. झालं, संपलं शिक्षण.

चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती भाटघर धरणाच्या काठच्या गावात आली. धरण भरून दोन-तीन वर्षं झाली होती. भोरच्या बाजाराची जुनी गाडीवाट पाण्याखाली गेलेली, माणसं होडीनं जाऊ-येऊ लागलेली. बापजाद्यांनी ढोपरभर पाण्यातून नदी ओलांडली, आणि यांच्या दारात आता चाळीस हात पाणी! पोहता येतंय कुणाला? बघता बघता सात माणसं बुडाली. गाव म्हणालं, पाण्यातल्या देवता, आसरा, माणूस मागतात.

"आसरा कशाला मागतील?" रखमाजी म्हणाला. "तुमाला पवता येत न्हाई, ते सांगा की सरळ!"

हा रखमाजी जर्मनच्या पहिल्या लढाईत बसऱ्याच्या नदीत सरकारी बोटींवर होता. बुडती माणसं काढायची कशी, ते तिथं शिकून आला होता. मोठ्या माणसांनी त्याचं ऐकलं नाही, म्हणून त्यानं पोरं धरली. चौदा ते सतरा वयाची सहा पोरं. पगार नाही, पानसुपारी नाही. घरटी एकेक वाळका भोपळा मागून आणला, दोन-दोन भोपळे दोरीनं जोडले, आणि बाजाराच्या दिवशी होडीच्या धक्क्यावर पोरांना बसवलं. होडी पैलतीराला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही. गाव हसलं. भोपळ्यांची पलटण म्हणालं. हसणाऱ्याचं काय जातंय!

सारजा एकदा धुणं धुवायला आली आणि पलटणीतल्या ज्ञानूचं पोहणं बघून तिला राहवेना. "अरं, पाण्याला मारतुयास कशापायी? त्यानं काय केलंय तुझं?" म्हणत कासोटा आवळला आणि पाण्यात उतरली. पैलतीराला हात लावून परत आली, तेव्हा ज्ञानू निम्म्यातच होता. रखमाजी म्हणाला, "ही पोर मला पायजे."

इथं अडलं. सासरा वारलेला, घर थोरल्या दिराच्या, कुंडलिकच्या हातात. नवरा सावळा भावापुढं तोंड न उघडणारा. आणि रीत अशी की, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, तिच्या अंगाला बोट लागलं तरी दोघांना पाप. भाकरी वाढायची तीही दुरून सरकवून. कुंडलिक माणूस वाईट नव्हता, रीतीचा पक्का होता. आईला म्हणाला, "आपल्या घरची सून परक्या बाप्यांना काखंत धरून भाईर काढणार व्हय?"

रखमाजीनं तोड काढली. सारजेनं बायका आणि लेकरंच काढायची, बाप्यांना पोरं बघतील. "कबूल," कुंडलिक म्हणाला. "पर बाप्याला हात लागला, की त्या दिवशी तिची पलटण बंद." सारजा दाराआडून ऐकत होती. तिनं लगेच मान डोलावली. त्या घरात शेण तिचं, धुणं तिचं, दळण तिचं, पण आवडीचं असं काहीच तिचं नव्हतं. पलटण एवढीच तिची होती.

दोन वर्षांत तिनं दोन लेकरं काढली, एक म्हातारी काढली आणि एक शेळी. शेळीला रीत आडवी आली नाही.

मग मार्गशीर्षातला तो बाजार. दुपार टळलेली, होडी परत येत होती. नावाड्यानं माणसं जास्त भरलेली आणि वर कुणाचं तरी नवं विकत घेतलेलं वासरू. मध्यावर वारा सुटला, वासरू बिथरलं, माणसं सगळी एका अंगाला सरकली आणि होडी उलटली. पोरांनी भोपळे छातीशी घेऊन उड्या टाकल्या. बरीचशी माणसं उलट्या होडीला धरून होती, त्यांची चिंता नव्हती. दोघं तेवढी लांब गेली होती. एक बाळाबाई, शेजारची विधवा म्हातारी. ती बाजाराची पाटी धरून तरंगत होती, लुगड्यात हवा भरलेली. आणि तिच्याअलीकडं कुंडलिक, गटांगळ्या खात. सारजाच सगळ्यांत जवळ होती.

करारानं तिनं बाळाबाईकडं जायला हवं होतं. पण म्हातारीच्या हातात पाटी होती, कुंडलिकच्या हातात काही नव्हतं. ती कुंडलिककडं गेली.

रखमाजीनं शिकवलं होतं, बुडत्याला मागून जाऊन केसाला धरायचं. पण कुंडलिकनं बाजारात नुकतीच डोई भादरून घेतलेली, गुळगुळीत! सारजेनं भोपळे पुढं ढकलले, ते त्याला धरता येईनात. मग तिनं हात पुढं केला. कुंडलिकनं डोळे उघडले, भावजय दिसली, आणि त्यानं हात मागं घेतला. नाकातोंडात पाणी जातंय आणि या गड्यानं हात मागं घेतला! खाली गेला, वर आला. तिनं पुन्हा हात दिला. पुन्हा त्यानं घेतला नाही, मान हलवली.

सारजेचं डोकं फिरलं. जिनं घरात या माणसापुढं कधी पदर ढळू दिला नव्हता, ती ओरडली, "धर की रं मुडद्या!" आणि ती सरळ त्याच्या मागं गेली, डोईवर उरलेली चार बोटं शेंडी मुठीत पिळून धरली आणि त्याला भोपळ्यांवर ओढून घेतलं. ज्ञानू पोहत आला, त्याच्या हवाली केलं, आणि ती वळली.

पाटी होती. बाळाबाई नव्हती.

तिनं अकरा बुड्या मारल्या. बाराव्या वेळी रखमाजीनं तिला ओढून काठावर आणलं. म्हातारी दुसऱ्या दिवशी सापडली.

गावानं सारजेला चांगलं म्हटलं. घरात मात्र तिसऱ्या दिवशी कुंडलिक जेवत असताना सासू रतनबाई म्हणाली, "बाप्याला हात लावलास, त्यो बी थोरल्या दिराला. झालं ते झालं. आता घरात बस."

सारजा चुलीपुढून उठली. "बसते आत्याबाई. पर थोरल्यांस्नी ईचारा, पयल्यांदा हात दिला तवाच धरला असता, तर बाळाबाई आज जिती असती का न्हाई?"

कुंडलिक हातातली भाकरी तशीच ठेवून बाहेर गेला.

बाळाबाईचा दहावा धक्क्याशेजारीच झाला. पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून राहिले. मुलगा भिमा हात जोडून म्हणाला, "आये, शेळी विकणार न्हाई. बहिणीला दिवाळीला आणीन." कावळा ढिम्म. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करू लागला. तेव्हा कुंडलिक पुढं झाला.

"भिमा, तुझी आय म्या बुडवली," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "भावजयीनं हात दिला आन् म्या दोनदा मागं घेतला. तेवढ्यात म्हातारी गेली." आणि एवढा मोठा बाप्या मटकन वाळूत बसला आणि हुंदके देऊन रडला. थोड्या वेळानं कावळा शिवला. म्हातारी निवली की कावळा भुकेला होता, ते कावळ्यालाच ठाऊक.

लोक सुटल्यासारखे घरी गेले. सारजा सुटली नाही. आपण आधी म्हातारीकडं गेलो असतो तर, हे तिच्या मनातून जाईना. रागही जाईना. दिराचा, रीतीचा, स्वतःचा.

पुढच्या बाजाराला ती धक्क्यावर हजर होती. तिला कुणी अडवलं नाही. होडी भरली, नावाड्यानं बांबू उचलला, तशी सारजेनं होडीच्या काठावर पाय ठेवला.

"थांब. समद्या बाप्यांना ईचारायचंय. बुडालात तर माझा हात धराल का? धरणार नसाल तर उतरा. वळसा घालून चालत जावा, वाट हाय."

"काय बाई हाय का कोण!" म्हणत एक म्हातारा खरंच उतरला आणि काठी आपटत चालू लागला. तिनं त्याला बोलावलं नाही. या सवालाला हो म्हणणं म्हणजे उघड रीत मोडणं, ते बाकीच्या सगळ्यांना कळत होतं.

कुंडलिक मधल्या फळीवर बसला होता.

"धरीन," तो म्हणाला, आणि सगळ्या गावादेखत हात पुढं केला.

सारजेनं तो धरला, घट्ट आहे का बघितलं, सोडला. "दुसरा कोण?" तिनं विचारलं.