एका सुताची भिंत

जवळा बाजारला माझं फॅब्रिकेशनचं दुकान, मागं घर. हातात धरून चालवायचं बँडसॉ, म्हंजे पट्टीच्या करवतीचं मशीन, घेऊन चार वर्षं झाली, पण त्याचं ब्लेड मी कधी निवडलंच न्हाई. ते बायकोचं काम. मी 'ब्लेड!' म्हणून ओरडायचो. ती हात पुसत यायची, पाइपाच्या तोंडात डोकावायची अन् खिळ्यावरचं एक ब्लेड काढून द्यायची. वर बोलायची, "दात मोजा म्हणलं की तुमी नुसते दात काढता!"

ती लेकाकडं पुण्याला गेली, नातीला सांभाळायला. दोन महिने म्हणून गेली, वर्ष उलटलं. एकट्याचं जेवण ते काय जेवण? कुकर लावतो, ताट वाढून घेतो अन् भूकच मरते. मला करमत न्हाई, तू ये, एवढं सरळ काही मला तिला सांगता आलं न्हाई.

वर्षभर भरीव सळ्यांचीच कामं आली, ती लावून गेली त्याच जातीचं ब्लेड चालवलं. गेल्या आठवड्यात मात्र एका शाळेच्या जिन्याचं रेलिंग आलं. पाइप दोन इंची, चांगला मनगटाएवढा. जाड मालाला मोठे दात, एवढं ऐकून होतो. मोठ्या रुबाबात इंचाला दहा दातांचं ब्लेड चढवलं. मशीन टेकवलं अन् कर्रर्र! ब्लेड अडकलं, चार दात फरशीवर. दुसरं चढवलं, त्याचंही तेच. शेवटी तिला फोन लावला.

"अवं, वरून काय बघता? आत पोकळ हाय की त्यो! भिंत किती जाड हाय?"

"एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"मंग? एका टायमाला तीन दात तरी भिंतीवर टेकाया पाहिजेत. चोवीसचं लावा." वर म्हणाली, "काय बाई, काहीच जमंना तुमाला. या ऐतवारी येते मी. आठ दिवस राहून सगळं दाखवून देते."

फोन ठेवून मी येड्यागत हसत बसलो. घर झाडलं, गाद्या उन्हात टाकल्या, दोनदा दाढी केली.

चोवीसचं ब्लेड संपलेलं होतं, वसमतहून आणलं. काय कापलं म्हणता! पाइपाच्या कापलेल्या तोंडावर बोट फिरवलं तर कुठं टोचंना. एका बैठकीत सगळे तुकडे पाडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बराबर जमलं, अन् सांगावं कुणाला? दुकानात मी एकटाच. राहवलं न्हाई, पुन्हा फोन लावला.

"सगळे कापले! एक दात तुटला न्हाई!"

"खरं?" ती केवढ्यानं हसली. "बरं झालं बाई, जिवाला घोर लागला होता बघा. मंग आता न्हाई येत मी. पोरगी सर्दीनं बेजार हाय हितं. अन् तुमचं आता काही अडत न्हाई."

ती मनापासून खूश झाली होती.

"व्हय," मी म्हणालो, "काही अडत न्हाई."