न्हाव्याचे केस

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सलून आहे आणि गेले काही महिने तिथलं सगळ्यात वाढलेलं डोकं त्यांचंच आहे. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "काका, आधी तुम्ही बसा, आम्ही थांबतो." ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

न्हाव्याला स्वतःचे केस धड कापता येत नाहीत. बाबांना त्याची कधी अडचण पडली नाही, कारण समोरच्या फुटपाथवर लंबूकाकांचं सलून होतं. धंद्याच्या हिशेबाने दोघं एकमेकांच्या मुळावर आलेले, पण एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. सुट्टीच्या दिवशी बाबांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून ते एकमेकांचे केस कापायचे. तोंडाचा पट्टा चालूच. "आत काही नाही, निदान वरून तरी नीट दिसू दे," लंबूकाका म्हणायचे. काळ्याचे पांढरे झाले, पांढऱ्याचे विरळ झाले, ते सगळं त्याच खुर्चीत. दर वेळी थोडंथोडंच पालटत गेल्यामुळे आपण म्हातारे झालो हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. लंबूकाका गेले तेव्हा बाबा मला म्हणाले, "अगं, हे काय जायचं वय आहे?" लंबूकाकांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

तेव्हापासून बाबांचं बोलणंच आटलं. सुट्टीच्या दिवशीही अर्ध्या शटरमागे एकटे बसून राहायचे. मला आधी वाईट वाटलं, मग राग यायला लागला. तो तसाही माझ्या नाकावरच असतो. एकदा जेवताना मी सुनावलंच, "बाबा, नुसते बुवा झालात. कुणाकडून तरी कापून घ्या, नाहीतर झोपेत मी कापीन."

त्यांनी मानेवर आलेले केस चिमटीत धरले. "ही टोकं अजून त्यानं कापलेली आहेत," ते म्हणाले. "ती गेली की त्याच्या हातचं काही उरत नाही माझ्याकडे."

पुन्हा मी तो विषय काढला नाही.

पण परवा दाढी करताना केस त्यांच्या डोळ्यांवर आले आणि वस्तरा सरकला. गिऱ्हाइकाच्या कानाला जरासंच लागलं, त्यानं ते हसण्यावारी नेलं. बाबांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. दिवसभर ते स्वतःच्या हाताकडे बघत होते.

काल सुट्टी होती. त्यांनी मला दुकानात बोलावलं, स्वतःच गळ्याभोवती कापड बांधलं आणि खुर्चीत बसले. "पोरीचे केस तू घरीच कापतेस ना? माझेही काप. परक्याचा हात नको."

मी कात्री घेतली. जरा हसतील म्हणून, ते गिऱ्हाइकांना विचारतात त्याच सुरात विचारलं, "बोला काका, कसे कापू?"

ते आरशात स्वतःकडे बघत राहिले.

"मला कुठे माहीत?" ते म्हणाले. "त्यानं कधी विचारलंच नाही."