पिवळीधमक पातेली

निजामाच्या अमलात हिंगोली स्टेशनाजवळ आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे तीन बाकडी, एक भट्टी आणि सगळीकडं आडवा येणारा मी. मालक माझा थोरला भाऊ, दादा. गावाकडं मडक्यात नि लोखंडी तव्यावर रांधून जेवलेली आमची जात. हे हॉटेल पितळी पातेल्यांसकट नुकतंच दुसऱ्याकडून घेतलेलं. कलईवाल्याची आरोळी कानावर यायची, पण कलई म्हणजे चकाकी, एवढंच आमचं ज्ञान.

सफाईचे दरोगासाहेब तपासणीला येणार अशी खबर आली. त्यांना पटलं नाही तर परवाना जायचा. दादाची झोप उडाली. पाणी गाळलं, बाकडी धुतली, राहिली पातेली. आतून ती मळकट पांढरी दिसायची.

"आतून असली कळकट, साहेब काय म्हनंल?" दादा म्हणाला.

चिंच, विटेचा भुगा आणि माझे दंड कामाला लागले. पातेली आतून सोन्यासारखी निघाली. एकात बघून मी मिशी कातरली.

वहिनी म्हणाली, "भावजी, आता ह्यात कढी करू का देव्हाऱ्यात ठेवू?"

तपासणीच्या दिवशी तिनं सकाळीच आंबट कढी केली. पहिली वाटी दादाची, हा रिवाज. त्यानं कौतुकानं दुसरीही घेतली. गिऱ्हाइकं भाकरी चुरून कढीची वाट बघत बसली होती. तेवढ्यात दादा मागच्या नालीकडं पळाला आणि ओणवा होऊन ओकू लागला. नेमके साहेब दारात उभे.

"पटकी हय क्या?" त्यांनी विचारलं.

त्या एका शब्दानं बाकडी रिकामी झाली. वहिनीची भाकरी तव्यावर करपत होती, तिला भान नव्हतं.

जुलाब नव्हते, म्हणजे कॉलरा नव्हता. साहेबांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?" मी पातेलं पुढं केलं. पळीनं कढी बाजूला सारून ते बघत राहिले. काठाला हिरवट कड धरली होती.

"इसकी कलई किधर गई?"

"ही काय साहेब," मी दंड पुढं केले. "घरीच केली. घासून घासून."

साहेब मटकन बाकड्यावर बसले.

"अरे, तुमी कलई केली न्हाई. कलई खरडून टाकली. आतला पांढरा थर कथलाचा होता. आंबट कढीत आता पितळाचं जहर उतरलंय."

मी बाकड्यांकडं बघितलं. ताटंच्या ताटं तशीच होती, भाकरी चुरलेली. साहेब जरा उशिरा आले असते तर मी हसत हसत पळी फिरवली असती.

साहेबांनी कढी स्वतः नालीत ओतली, दाराला कुलूप लावलं आणि मीठपाणी पाजत दादाजवळ बसून राहिले. दादा वाचला. कलईवाल्यानं पातेली पुन्हा मळकट पांढरी केली, ती बघूनच साहेबांनी कुलूप काढलं. परवाना राहिला.

पुढं कढी चढायच्या आधी दादा रोज पातेल्यात डोकावायचा आणि माझ्याकडं बोट करून वहिनीला विचारायचा, "ह्यानं हात लावला न्हाई ना?"