भिंतीअलीकडचं इंटरनेट

माझी मुलगी नाशिकला शिकायला गेली तेव्हा जव्हारच्या आमच्या घरात इंटरनेट होतं, पण ते थोरल्या जाऊबाईंचं. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन संसार. मुलगी त्यांना मोठी आई म्हणते. रविवारी ती त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसायची. समोर जाऊबाई, मागे मी उभी. मेसचं जेवण, खोलीतल्या मुलीशी झालेलं भांडण, सगळं आधी त्यांना कळायचं. मी फोनवर काही विचारलं की मुलगी म्हणायची, "मोठ्या आईला सांगितलंय ना मी." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी भावाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मागून आणला. फोनची लाइन होतीच, तिच्यावर ब्रॉडबँड घ्यायचं ठरवलं. नवरा म्हणाला, शेजारी आहे की, कशाला उगाच? मी ऐकलं नाही. लाइनमनने मोडेम बसवला, दिवा लागला. मग त्याने स्क्रीन पाहिला. कॉम्प्युटरमध्ये नेहमीचं विंडोज नव्हतं, लिनक्स नावाची दुसरीच सिस्टिम होती. आपण हे कधी केलं नाही म्हणाला, कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड सांगितला आणि मोखाड्याकडे निघून गेला.

पुढची जोडणी कशी करायची हे वाचायलाही इंटरनेट लागतं. मी साखरशेतच्या शाळेत शिकवते; तिथून आले की जाऊबाईंकडे जाऊन बसायची. शाळेचं काम आहे म्हणायची. त्या न विचारता चहा ठेवायच्या, त्याचा मला अधिकच राग यायचा. वाचलेलं तोंडात घोळवत घरी यायचं आणि स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत टाइप करायचं. कॉम्प्युटरने आधी स्वतःचाच पासवर्ड मागितला, तो भावाने लिहून दिला होता. मी बटणं दाबतेय, पण एक अक्षर उमटेना. कीबोर्ड गेला असं वाटून पुन्हा त्यांच्याकडे. तिथे वाचलं की लिनक्स पासवर्ड दाखवतच नाही, तसाच टाइप करून एंटर मारायचं.

तसं केलं. कॉम्प्युटरने मोडेम शोधला, कनेक्शनचं युजरनेम विचारलं, पासवर्ड विचारला, आणि बातम्यांचं एक पान हळूहळू वरून खाली उघडत गेलं.

त्याच संध्याकाळी मुलगी माझ्या स्क्रीनवर आली. हे तू केलंस का, असं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मोठ्या आईला बोलव ना."

"त्या बाहेर गेल्यात," मी म्हणाले. पलीकडे त्यांचा मिक्सर फिरत होता.

त्यानंतर मुलीच्या गोष्टी मला आधी कळायला लागल्या. तिला हॉस्टेलमध्ये नवी खोली मिळाली हे मी मुद्दाम जाऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. बरं झालं, म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा ठाण्याला असतो आणि सणावारालाच फोन करतो, हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिला सांग, मलाही लावत जा म्हणावं. रविवारी मी चालू करून बसते."

मी निरोप दिला. अगदी जिवावर आलं होतं, पण दिला.

पुढच्या रविवारी मी केस नीट विंचरून कॉम्प्युटरसमोर बसले. पलीकडून जाऊबाईंचं हसणं ऐकू येऊ लागलं. मग मुलीचं. शब्द कळत नव्हते. बऱ्याच वेळाने माझ्याकडे घंटी वाजली.

"काय एवढं बोलत होतात?" मी विचारलं.

"काही नाही गं," मुलगी म्हणाली, "असंच."