भिंतीआधीची टपली

बायको गेल्यापासून मी घरात हात पुढे करून चालतो. सून म्हणते, "बाबा, पॅसेजमध्ये काही नाहीये, चाला बिनधास्त." तिचं बरोबर आहे. पॅसेज आहे केवढासा, आणि त्यात मी इतकी वर्षं हात खाली सोडून फिरलोय. पण आता कपाळ पुढे न्यायची भीती वाटते. ही भीती मला नवीन नाही. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी पोहायचो, तेव्हापासूनची ओळख आहे. त्याचंच सांगायचंय. मी चौथी शिकलेला, त्यात आंधळा, म्हणून सून लिहून घेते. मधेच थांबून विचारते, "बाबा, हे असंच लिहू?" लिही म्हणतो.

मी जन्माचा आंधळा नाही. भांडुपला रंगाच्या कारखान्यात होतो. एक दिवस ड्रम उघडताना आतलं तोंडावर उडालं, संपलं. तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. मुलगा रांगत होता. पुढे आंधळ्यांच्या एका केंद्रात खुर्च्यांना वेत विणायला शिकलो. तिथं एकदा एक गृहस्थ आले आणि विचारलं, कोणाला पोहता येतं का. मी कोकणातला, खाडीच्या काठाला वाढलेला. हात वर केला. खाडीला भिंत नसते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ते गृहस्थ म्हणजे आमचे सर. पार्ल्याचे, बँकेत नोकरी, तरुणपणी स्वतः स्पर्धेत पोहलेले. मुलुंडच्या बाजूला एक टँक होता, तिथं ते मला नेऊ लागले. त्यांनी समजावलं, "डोळस माणसाला भिंत दिसते, तो वळतो. तुला दिसणार नाही. म्हणून काठावर माणूस उभा राहील, बांबू घेऊन. बांबूच्या टोकाला चेंडू बांधलेला. भिंत जवळ आली की तो तुझ्या डोक्यावर टपली मारेल. टपली म्हणजे भिंत आली, वळ. बाकी काही बोलायचं नाही, हात लावायचा नाही."

"आणि टपली मारली नाही तर?" मी विचारलं.

"मारणार रे. का नाही मारणार?"

टपली मारायला पहिल्यांदा माझा मेहुणा उभा राहिला, बायकोचा धाकटा भाऊ. त्याची गिरणी संपात बंद पडली आणि तो आमच्याच खोलीत येऊन राहिला होता. दुपारी काम नव्हतं, म्हणून आला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी जोरात येत होतो आणि टपली आलीच नाही. पाण्यात डोकं आपटलं की आवाज बाहेर जात नाही, कवटीतच फिरत राहतो. मला वाटलं, ड्रम परत तोंडावर उडाला. खरंच तसं वाटलं. कपाळाला टाके पडले.

घरी बायकोनं भावाला उभा धरला. "लक्ष कुठं होतं रे तुझं?"

"ताई, वर बोर्डावरून पोरं उड्या मारत होती. काय झकास उलटी मारतात गं..."

"उद्या तुलाच उलटा टाकते टँकात. भावोजींकडे बघायला ठेवला होता की पोरांकडे?"

टाके सुटले, पण भीती सुटली नाही. पाण्यात उतरलो की अर्ध्या अंतरापर्यंत ठीक. मग कपाळाची कातडी आखडायला लागायची. आता येईल, आता येईल. हात मारायचो पण जोर काढून घ्यायचो, एक हात आपोआप पुढे. हातांची मोजणी करायची असते म्हणतात, म्हणजे अंदाज येतो. भीती असली की मोजणी चुकते. सर काठावरून ओरडायचे, "ब्रेक मारलास! परत ब्रेक मारलास! भिंतीला घाबरतोस की मला?"

"दोघांना," मी म्हणायचो.

मग एक दिवस बायकोच टँकवर आली. ती औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, पहिली पाळी. सुटून थेट आली, डबा हातात. मेहुण्याला म्हणाली, "दे ती काठी इकडं. भाताच्या टोपात झारा फिरवतात, त्यापेक्षा काय जास्त आहे यात?"

सर गडबडले. साडीतली बाई टँकच्या काठावर त्यांनी पाहिली नसेल. पण बाजूला झाले.

एक गोष्ट सांगायला हवी. तिला पोहता येत नव्हतं. नुसतं येत नव्हतं असं नाही, पाण्याला ती मरणाची भ्यायची. लहानपणी तिची मोठी बहीण तिच्यासमोर विहिरीत घसरली होती, ती वर आली नाही. गावी गेलो की विहिरीवर पाण्याला मी जायचो, ही लांब उभी. तीच बाई टँकच्या उथळ टोकाला शिडीचा पाइप एका हातानं धरून, दुसऱ्या हातात बांबू घेऊन उभी राहायची. पाइप कधी सोडायची नाही. सरांनी सांगितलं, दोन्ही हातांनी धरा. ती म्हणाली, "सर, एक हात तुमच्या कामाला, एक माझ्या."

चाळीतल्या बायका टोमणे मारायच्या. "काय गं, नवरा चड्डीवर पाण्यात आणि तू काठी घेऊन? रोज मारतेस की काय त्याला?"

"घरी मारता येत नाही ना, म्हणून तिकडं जाते," ही सांगायची.

तिची टपली मात्र वेगळी होती. ना जोरात, ना हळू. दाराची कडी आतून उघडल्यासारखी. महिनाभरात असं झालं की तिच्या टोकाकडे येताना मी अंग टाकून यायचो, आणि दुसऱ्या खोल टोकाला सर उभे असायचे, तिकडे जाताना परत ब्रेक. सरांची टपली काही चुकत नव्हती. पण भीतीला ते कोण सांगणार. भांडण झालं की मात्र तिच्या टोकालाही मी जरा जपून यायचो. कालचं बोलणं काठीत उतरलं तर?

तरी जिंकत गेलो. अपंगांच्या स्पर्धा असायच्या, त्यात मुंबईत पहिला, मग राज्यात पहिला. मग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला सर म्हणाले, परदेशी जाणाऱ्या टीमची निवड आहे. आंधळ्यांतून एकच घेणार. शंभर मीटर. आणि टँक मोठा, पन्नास मीटरचा. म्हणजे जायचं, एकदाच वळायचं आणि यायचं.

"वळताना ब्रेक मारलास तर गेलं," सर म्हणाले. "दुसऱ्या राज्यांतून चांगली मुलं आलीत."

वळायचं ते टोक खोल होतं. बोर्डाखालचं. सर म्हणाले, तिथं मी उभा राहतो, वहिनी इकडे शेवटाला राहतील. सरांच्या टोकाला मी ब्रेक मारणार हे मला माहीत होतं, सरांनाही होतं. बायको आमच्यामध्ये उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

"मी जाते तिकडं," ती म्हणाली.

"वहिनी, तिथं धरायला काही नाही हां. नुसता काठ आहे."

"बघितलं मी."

मी तिला म्हटलं, "नको जाऊ. मी सरांच्या टपलीवर वळतो."

"तुम्ही वळणार नाही. तुम्ही थांबणार. अहो, मला नका शिकवू." आणि गेली. ओल्या लाद्यांवर तिची पावलं जाताना मी ऐकत होतो. माणूस अंधारात जिना उतरतो तशी टाकत होती, एकेक. मग इतर आवाजांत ती हरवली.

शिट्टी झाली. उडी मारली. पहिले काही हात चांगले गेले. पण पन्नास मीटर म्हणजे आमच्या टँकच्या दुप्पट. सवयीनं अर्ध्यावरच कपाळ आखडलं. भिंत कुठाय? अजून नाही. अजून नाही. पाणी गार झालं, म्हणजे खाली खोल आलं. मला एकदम वाटलं, ती तिथं नाहीच. भिऊन मागे सरकली असेल. काठापासून हातभर मागे सरकली तरी काठी पोचणार नाही. आणि मी असा, सगळा जोर लावून, डोकं पुढे करून. हात पुढे करू? एकदाच? करावा असं खांद्यात आलं होतं. मी तो हात मारण्यातच घातला. कसा घातला मला माहीत नाही. जन्मात तेवढा मी कधी भ्यालो नसेन.

टपली आली. नेहमीपेक्षा थोडी आधी, आणि जोरात. वळलो. दोन्ही पाय भिंतीवर ठेवून अशी लाथ मारली की मलाच हसू आलं पाण्यात. ब्रेक नाही! आणि त्याच वेळी मागे धप् झालं.

बोर्डावरून उडी मारणाऱ्याचा आवाज कसा असतो मला पाठ होतं, पातळ, चिरल्यासारखा. हा पोत्याचा आवाज होता. तरी मी दोन हात पुढे मारले. मग पायाला काहीतरी लागलं. बांबू. बांबू पाण्यात तरंगत होता.

मी मागे फिरलो.

लोक ओरडत होते, शिट्ट्या, काही कळेना. ती कुठं आहे तेच कळेना. खाली बुडी मारली, हात फिरवले, नुसतं पाणी. वर आलो, हाक मारली, तोंडात पाणी. विहिरीत गेलेली तिची बहीण मी कधी पाहिली नव्हती, पण त्या वेळी मी तिलाच शोधतोय असं झालं. परत बुडी मारली आणि टपलीशिवाय भिंतीवर आपटलो, त्याच कपाळावर. वेडा झालो होतो. दोरी ओलांडून दुसऱ्याच्या लेनमध्ये गेलो असणार, कारण कुणाचा तरी हात माझ्या तोंडावर बसला.

तिला केव्हाच बाहेर काढलं होतं. तिथल्या जीवरक्षकानं उडी मारून, पदराला धरून. ती काठावर पालथी पडून खोकत होती आणि मी खाली पाणी चाचपत होतो. मग खोकल्यातून तिचा आवाज आला, सगळ्या टँकला ऐकू जाईल असा:

"अरे मेल्या, परत कशाला आलास? जा ना! पोह!"

लग्न झाल्यापासून तिनं मला अहो सोडून काही म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा अरे म्हणाली, तेही एवढ्या माणसांत. मी काठ धरून तसाच राहिलो. पोहायला सांगत होती, पण मला टँकबाहेरसुद्धा येता आलं नाही, सरांनी ओढून घेतलं.

निवड दुसऱ्याची झाली. सरांनी आपला टॉवेल तिच्या अंगावर टाकला.

घरी येताना बसमध्ये तिची साडी अजून ठिबकत होती. भांडुप जवळ आलं तेव्हा बोलली. "मी टपली मारली होती ना?"

"मारलीस."

"टपली म्हणजे काय?"

"भिंत आली, वळ."

"मग वळल्यावर परत का आलात? एवढ्या वर्षांत माझी एकसुद्धा चुकली नाही. आज जोरात येताना दिसलात, म्हटलं लवकर मारायला हवी, म्हणून वाकले. एवढं करून तुम्ही मागं येता?"

"काठी पायाला लागली माझ्या."

"काठी लाकडाची आहे. ती काय बुडत होती?"

"आणि तू?"

ती खिडकीकडे वळली. खूप दिवस राग होता तिचा. मी चुकलो असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिला ते कधी पटलं नाही. म्हणायची, मी पाण्याजवळ उभी राहिले ते कशासाठी, तुम्ही पुढं जावं म्हणूनच ना.

पुढच्या निवडीला तिनं स्वतःच उपाय काढला. कमरेला दोरखंड बांधला, दुसरं टोक भावाच्या हातात. "पोरांच्या उड्या बघितल्यास तर बघ," म्हणाली. लोक हसले. ती दोन्ही हातांनी काठी धरून खोल टोकाला उभी राहिली आणि मी ब्रेक न मारता वळलो. निवड झाली. परदेशात एकदा जाऊन आलो. तिकडे परक्या माणसाची टपली, पाचवा आलो. पण इथं, ती आणि तिचा दोरखंड असताना, ते दशक संपेपर्यंत देशात मला कुणी मागे टाकलं नाही. दर वेळी पाण्यात भ्यालो. एक वेळ अशी नाही की भ्यालो नाही. फक्त भीती कपाळात नव्हती आता, कानात होती. वळलो की मागचा आवाज ऐकायचो. धप् होत नाही ना. मग पुढचा हात मारायचो.

गेल्या वर्षी ती मुलुंडला हॉस्पिटलात होती. छातीचं. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मी स्टुलावर बसून पलंगाच्या पाइपाला कपाळ टेकून राहायचो, तिचा श्वास ऐकत. मुलगा म्हणत होता, बाबा, घरी चला, दोन घास खा, मग परत या. मी हलेना. तेव्हा डोक्यावर टपली आली. बोटांची, पण तीच. ना जोरात, ना हळू.

मी मान वर केली नाही. परत मारली.

मला ती बस आठवली. टपली मारली होती ना? मग परत का आलात? म्हटलं, एकदा तरी हिचं ऐकू. उठलो. मुलाचा हात धरून बाहेर पडलो, रिक्षात बसलो. सगळ्या वाटेनं मी कान मागे लावून होतो.

भांडुप यायच्या आत मुलाचा फोन वाजला.

मागे काहीच आवाज झाला नव्हता. पायाला काठीसुद्धा लागली नाही.