ओळखीचा नमुना

मोबाईल चार्ज करायला मी फ्रीजचा प्लग काढला आणि तसाच घरी गेलो. सकाळी लॅबच्या फरशीवर तळं साचलं होतं. ताई चपला हातात घेऊन पाण्यातून फ्रीजपर्यंत गेल्या, दार उघडून आत पाहिलं आणि बंद केलं.

"या जावईबापू," त्या म्हणाल्या. "मोबाईलचं पोट भरलं ना? मग झालं."

त्या लॅबमध्ये मी सगळ्यांत नवा आणि ताई सगळ्यांत जुन्या. शेजारच्या दवाखान्यातून लघवीच्या बाटल्या यायच्या. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या पोटात झोपेचं, नैराश्याचं, कसलं औषध गेलंय ते आम्ही सांगायचं. घरी कोणी विचारलं तर मी "मेडिकल लाइनला आहे" म्हणतो. अगदीच खोटं नाही ते.

यंत्रावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, ही ताईंची पहिली शिकवण. रोज सकाळी आधी त्याला एक विकतचा नमुना द्यायचा, ज्यात औषध आहे हे पक्कं माहीत असतं. त्यात यंत्राला औषध सापडलं तरच दिवसभराचे रिपोर्ट खरे. "राखणीला कुत्रं ठेवायच्या आधी ते भुंकतं का ते बघावं रे."

तो विकतचा नमुना माझ्या कृपेने दुधासारखा फाटला. यंत्रात घालायचं रसायनही त्याच फ्रीजमध्ये होतं, पण ते नितळ दिसत होतं. मालक म्हणाले, "एका रात्रीने काही होत नाही. नवा नमुना येईपर्यंत असंच चालवा."

ताईंनी पिशवीतून स्वतःचा लांब वायरीचा चार्जर काढून माझ्यापुढे टाकला. "हा घे, आणि फ्रीजकडे वाकड्या नजरेने बघू नकोस. परत दे मात्र. ढापू नकोस."

दुपारी डॉक्टर स्वतः बाटली घेऊन धावत आले. एक वेल्डर सकाळपासून उठत नव्हता. भाऊ म्हणत होता, रात्री पोटभर दारू प्यायलाय. बायको म्हणत होती, नैराश्याच्या गोळ्यांचं पाकीट रिकामं आहे, पण कधी संपलं ते माहीत नाही.

"गोळ्या असतील तर हृदय कधीही दगा देईल, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "नुसती दारू असेल तर एवढ्या लांब नेण्यात उगाच धोका. लवकर सांगा."

यंत्र म्हणालं, निगेटिव्ह. मी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टर वळले.

"थांबा," ताई म्हणाल्या. ट्रेमधली रिकामी बाटली उचलून त्या बाहेर गेल्या आणि थोड्या वेळाने ती भरून घेऊन आल्या. "हा लाव रे."

"कोणाचा?"

"ओळखीचा आहे. लाव मुकाट्याने."

यंत्र पुन्हा म्हणालं, निगेटिव्ह.

ताईंनी डोळे मिटले. "रसायन मेलंय, डॉक्टर. रिपोर्ट धरू नका."

"पण या नमुन्यात औषध आहे हे कशावरून?"

तोवर मालकही दारात येऊन उभे राहिले होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझा आहे म्हणून. नऊ वर्षं रोज रात्री हीच नैराश्याची गोळी घेते मी. ज्या दिवशी चुकते त्या दिवशी सगळ्यांशी गोड बोलते, तेवढं सोडलं तर कोणाला कळत नाही."

कोणी हसलं नाही.

"काल घेतली होती? नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतली. डॉक्टर, पळा आता!"

कोणाच्या बाटलीत ते औषध सापडलं की ताई म्हणायच्या, "आला बघ आपल्यातला." मी दर वेळी खदखदून हसायचो.

वेल्डरला हलवलं. वाटेत त्याचं हृदय खरंच अडखळलं, पण डॉक्टर सोबत होते, तयारीत होते. वाचला तो. दोन दिवसांनी त्याचा भाऊ येऊन हे सांगून गेला, तेव्हा ताई लॅबमध्ये नव्हत्या.

कारण दुसऱ्याच दिवशी मालकांनी त्यांना बोलावलं होतं. "महिनाभर आराम करा, ताई. बाहेर कळलं तर आपल्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवणार?"

कोणापुढे मान न वाकवणाऱ्या ताई त्या दिवशी हात जोडून उभ्या होत्या. "सर, बाटल्या धुते, फरशी पुसते. पण घरी नका पाठवू. घरी मी आणि फोटोतले हे, दोघंच. गोळी रात्रीपुरती पुरते, सर. दिवसाला मला हे काम लागतं."

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"सर, फ्रीज तर मी बंद केला होता," मी म्हणालो.

"तुला कोणी विचारलं?"

मला ठेवलं. स्वस्तात पडतो मी.

पहिल्या आठवड्यात ताई फोन उचलायच्या. "काय जावईबापू, भुंकतंय का?" मग नुसतंच "हं." मग फोन बंद.

महिना उलटला. मालक आता "बघू" म्हणतात. परवा मी चार्जर घेऊन ताईंच्या घरी गेलो. आतून कडी होती. दार वाजवलं.

"कोण?"

"जावई."

आत काहीतरी सरकलं. मी वाट पाहिली, एखादा टोमणा येईल म्हणून.

"उद्या ये," एवढंच आलं.

काल गेलो, तेव्हाही "उद्या" आलं. आज तर "कोण" सुद्धा आलं नाही. मी खिडकीची फट, दाराची फट, सगळीकडे कान लावून पाहिलं. आता शेजाऱ्यांना हाका मारतोय आणि एका हाताने ताईंचा फोन लावतोय. बंद. चार्जर माझ्याच पिशवीत आहे.